फक्त पार्सल

वेंगुर्ल्यात, बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर
आग्नेल फर्नांडिसने गॅरेजात दुकान काढलंय.
बसायला बाक नाही. पाटीवर खडूने:
स्पगेटी. फक्त पार्सल. सुटे पैसे द्या.
एकवीस वर्षं तो बोटीवर होता,
मासळीच्या नव्हे, पांढऱ्या सात मजली बोटीवर,
जिथे माणसं समुद्र बघत जेवतात
आणि स्वयंपाकी पाण्याच्या रेषेखाली.

गुरुवारी माझी ड्यूटी सुटते पावणेआठला.
अंगाला स्पिरिटचा वास, पोटऱ्यांत दोन्ही वॉर्ड.
मी लांबूनच पंजा दाखवते: पाच.
"तिखट?"
"तीन माणसांचे, दोन पोरांचे."
टोमॅटोत तो सुकी सुंगटं भाजून टाकतो,
वरून चीज, आणि ठेचलेलं एकच तिरफळ.
बोटीवर हे त्याला कोणी करू दिलं नसतं.

चंदेरी डबे स्कूटरवर पायांशी.
कॅम्पाच्या चढाला ते कुरकुरतात,
घोट्यांना ऊब लागते.
खरं सांगू, त्या सात मिनिटांत
मी कुणाचं काही लागत नाही.
नारळ फोडायचा नाही, खवायचा नाही,
"आज काय?" हा प्रश्न
दुसऱ्याच कुणाच्या तरी घरी गेलेला.

पुंडलिकने ताटं मांडलेली असतात.
(शिजवायचं काही नसलं
की त्याला मांडामांड फार आवडते.)
हंसिका एक लांब शेव ओढते, फट्,
नाकाच्या शेंड्यावर लाल ठिपका.
श्रीरंग पट्टी घेऊनच बसतो.
आणि तातू, माझे सासरे, बेचाळीस वर्षं तांडेल,
पहिल्या दिवशी काटा उलटासुलटा करून म्हणाले,
"ह्या गळाक काय्येक गावाचा नाय."
मग हातानेच.
"शिरवाळेच हे. रस तेवढो तांबडो."

साचा आहे अजून आमच्या माळ्यावर,
फणसाच्या लाकडाचा, तीन पायांचा.
भोकांत मुंग्यांनी माती भरलीय.
"मी दांड्यार बसय," तातू सांगतात,
"ती खाली ताटली फिरवी.
गरम आसतानाच दाबूक व्हया.
थंड झाली काय उकड दगड होता."
मुलांना ती झोपाळ्याची गोष्ट वाटते.
"आईचे कशे होत होते ओ?" पुंडलिक विचारतो.
मला वाटलं, आता नारळाचा रस येणार,
गूळ येणार, वेलची येणार,
आणि माझा गुरुवार नासणार.

तातू बराच वेळ बोटं चाटत राहिले.
"आमका बरे लागत.
तिका कशे लागत, ठावक नाय.
सगळ्यांचा झाल्यार ती खाय. गार.
उरले तर."

कोणी काही बोललं नाही.
श्रीरंग म्हणाला, एकोणतीस सेंटिमीटर, मी जिंकलो.
माझ्या ताटातून अजून वाफ येत होती.
चष्म्यावर धरली, म्हणून कळलं.

जेवण उरकल्यावर आठवलं,
वीस रुपये सुटे द्यायचे राहिले.
उद्या देता आले असते. तरी उतरले खाली.
शटर अर्ध्यावर, खाली दोन काळे बूट दिसत होते,
बोटीवरचे, घसरू नये म्हणून जाड तळव्यांचे.
वाकून पाहिलं.
आग्नेल शेगडीला टेकून
पातेल्यातूनच पेज पीत होता,
चिमटीत सुक्या बांगड्याचा तुकडा.
"बसून तरी जेव रे," मी म्हटलं.
"खंय?" तो म्हणाला.
दोघांनीही गॅरेजभर पाहिलं.
पातेलं बाजूला ठेवून
त्याने ओल्या हातानेच वीस रुपये मोजले.
"बायेनू, फुडच्या गुरवारी पाचच मा?"

मी थोडा वेळ तशीच वाकून उभी.
पाच, म्हटलं. पाचच.